थोरल्या सुनेचा गोपनीय अहवाल

अहवालात कर्मचाऱ्याचं नाव लिहू नये, फक्त क्रमांक लिहावा. (सूचना, पान दोन.)

•

चार महिने बेशुद्ध पडलेल्या म्हाताऱ्याची दाढी रोज सकाळी कोण करतं?

•

आमच्या रिमोटवरचं आवाज कमी करायचं बटण गेलं आहे. वाढवायचं ठणठणीत आहे.

•

भाजीच्या पिशवीत एकतीस गोपनीय अहवाल आणि एक कोबी आरामात मावतात.

•

जावकबाईंचे मिस्टर जिवंत आहेत.

•

"मी पहिल्या भागापासून सांगतेय." आमची आई, रोज, आठ वाजता.

•

देह सापडला नाही, म्हणजे माणूस परत येणार.

•

वरच्या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं तुम्हाला वाटलं असेल, तर तुम्ही सुखी माणूस आहात. मीही होतो. हा संबंध जुळला तेव्हा माझी अब्रू, साहेबांचा रक्तदाब आणि एका बाईंची बढती अशा तीन गोष्टी एकदमच पणाला लागल्या. त्यातली पहिली मुळात फारशी नव्हती, असं आमच्या घरचे म्हणतात. दुसरी गोळ्यांनी आटोक्यात आहे. प्रश्न तिसरीचा होता.

मी आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक आहे. म्हणजे नेमकं काय, हे घरातही कुणाला ठाऊक नाही. आई शेजाऱ्यांना सांगते, "तो माणसांचं बघतो." बायको सांगते, "ते कागदांचं बघतात." दरवर्षी कार्यालयातल्या एकतीस माणसांचे गोपनीय अहवाल मी भरतो, साहेब त्यांवर सही करतात आणि मुख्य कार्यालय ते वाचतं. साहेब सही करताना अहवाल वाचत नाहीत. याला ते विश्वास म्हणतात. भरताना मीही फारसा वाचत नाही. याला मी अनुभव म्हणतो.

या एकतिसांत चौदा क्रमांक जावकबाईंचा. बावीस वर्षं त्या बाहेर जाणारं टपाल बघतात. पाकीट, डिंक, शिक्का, नोंदवही. त्यांना निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती. याआधी दोनदा बाईंचं नाव यादीत लागता लागता राहिलं होतं. ही शेवटची खेप. अहवालांचे कोरे नमुने छापून आले त्या दिवशी बाई माझ्या टेबलापाशी आल्या.

"भाऊसाहेब, या वेळी जरा मनावर घ्या."

"बाई, तुमचं काय! तुमचं तर उत्तमच असतं."

"उत्तम असतं तर दोनदा राहिलं नसतं."

मी हसलो. अशा वेळी वरिष्ठ लिपिकाने हसायचं असतं. मग बाईंच्या गेल्या वर्षीच्या अहवालातली तीन वाक्यं मी या वर्षीच्या अहवालात उतरवली: टपाल वेळेवर पाठवते. कुणाचं पत्र उघडत नाही. तक्रार नाही. अकरा वर्षं मी हीच तीन वाक्यं उतरवत आलो होतो. मधे एकदा शाई बदलली होती.

•

आता साडेसातची मालिका.

एका भल्यामोठ्या घरातल्या आजोबांनी कपाटात एक बंद पत्र ठेवलं. त्याच संध्याकाळी ते जिन्यावरून पडले आणि पत्र गायब झालं. आजोबा बेशुद्ध, गुळगुळीत दाढीनिशी. घरात कुत्रा धरून सव्वीस जण आणि सगळेच्या सगळे संशयित, कारण जो तो दार उघडताना आधी मागे वळून बघतो. आमच्या घरात कुणी असं बघायला लागलं तर पहिल्या दिवशीच विचारतील, काय रे, मान आखडली का?

पण खरा घोळ घातला थोरल्या सुनेने. पहिले शंभर भाग ही बाई डोळ्यांत पाणी आणून दोरीवर कपडे वाळत घालत होती. नवरा बोटीतून गेला, बोट बुडाली, देह सापडला नाही. आणि मग एके दिवशी जाहिराती संपल्या, तर ही खिडकीत उभी राहून हसतेय. तेही ओठांच्या एकाच बाजूने.

आमच्या बैठकीच्या खोलीत त्या क्षणी पाच माणसं होती. आई, बायको, मी, खालच्या मजल्यावरचे हेडसर आणि शेजारच्या शिवणकाकू. हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या घरी आमच्यापेक्षा मोठा टीव्ही आहे, पण वाद घालायला माणूस नाही. काकू कुणाच्या तरी कपड्याला काठ शिवत मालिका बघतात आणि नेमक्या मोक्याच्या क्षणी मान खाली असल्यामुळे "काय झालं, काय झालं?" म्हणून विचारतात.

"काय झालं?" काकू म्हणाल्या.

"हसली," बायको म्हणाली.

"कोण?"

"थोरली. एका बाजूने."

"याला म्हणतात व्यक्तिरेखेचा विकास," हेडसर म्हणाले.

"कसला डोंबलाचा विकास! पत्र हिनेच चोरलंय," आई म्हणाली. "मी पहिल्या भागापासून सांगतेय."

"अहो आई, पहिल्या भागात तुम्ही तिच्यासाठी रडला होतात."

"रडले होते, पण लक्ष ठेवून होते."

"बिचारीचा नवरा गेलाय हो," काकू म्हणाल्या. "बाई बदलणारच."

"गेलाय कुठे? देह कुठे मिळालाय?"

"लेखक बदलला असेल," बायको म्हणाली. ती नेहमीच सगळ्यात शहाणं बोलते, म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

पाऊण तास हे चाललं. आवाज कमी होईना, टीव्हीचाही आणि यांचाही. कोण आधी काय म्हणालं होतं यावरून हेडसर आणि आई यांच्यात बोलणं बंद व्हायची वेळ आली. तेव्हा मी, सरकारी आवाजात, फक्त एवढंच म्हणालो, "नोंद आहे का?"

सगळे गप्प. बावीस वर्षांच्या संसारात माझ्या एका वाक्याने खोली गप्प झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. तिथेच मी घसरलो.

•

गोपनीय अहवालाच्या नमुन्यात सातवा रकाना आहे: "मागील वर्षाच्या तुलनेत वर्तणुकीत झालेला बदल." मालिकांवर लिहिणाऱ्या एकाही विद्वानाला हा रकाना सुचलेला नाही. दुसऱ्या दिवशी मी उरलेले कोरे नमुने घरी आणले आणि मालिकेतल्या सव्वीस जणांना क्रमांक दिले. मी भरणार, आई शेरा मारणार, सगळ्यांचं एकमत झालं की कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बरोबरची खूण.

रविवार दुपार यात जाऊ लागली. आजोबा, क्रमांक एक: "उपस्थिती पूर्ण. हालचाल नाही." हे लिहिताना मला कार्यालयातले दोघे आठवले. धाकटा दीर, क्रमांक नऊ: "सगळ्यांना आवडतो, सबब संशयास्पद." सव्वीस क्रमांक कुत्र्याचा. त्याला आम्ही एकमताने अधिक श्रेणी दिली, कारण सव्वाशे भागांत न बदललेला तो एकटाच.

एकमत झालं नाही ते फक्त थोरल्या सुनेवर. योगायोगाने तिचा क्रमांक चौदा. तिच्या अहवालावर चार रविवार गेले. प्रत्येकाने आपापलं वाक्य घुसवलं, आणि शेवटी तो असा झाला:

"मागील सहा महिन्यांत हसणं कमी झालं आहे. जे आहे ते एका बाजूचं. विचारलं तर विषय बदलते. आतून काहीतरी चाललं आहे, पण कुणाला सांगत नाही. बंद पाकिटांच्या आसपास घोटाळते. पतीच्या निधनाबाबत समाधानकारक पुरावा नाही. देह मिळालेला नाही. शेरा: चाव्या काढून घ्याव्यात."

चाव्यांचं वाक्य आईचं. बायकोने संमती द्यायला नकार दिला, म्हणून लाल खूण करायची राहिली.

आता कार्यालयाचे अहवाल घरी नेणं हा गुन्हा आहे. गुन्हा असल्यामुळे ते मी उघड्यावर न नेता भाजीच्या पिशवीत नेले. सोमवारी सकाळी पाठवायचे होते आणि रविवारी बसून शेवटचे रकाने भरायचे होते. मी टेबलावर दोन गठ्ठे केले, एक कार्यालयाचा, एक मालिकेचा. तेवढ्यात हेडसर आले. बायकोने चहाला जागा करायला दोन्ही गठ्ठे उचलले आणि एकावर एक ठेवले. तिचा दोष नाही. टेबलाचं तेच एक काम असतं, असं तिचं मत आहे.

सोमवारी घाईत मी सोपी युक्ती केली. लाल खुणेचे ते मालिकेचे. बिनखुणेचे ते कार्यालयाचे. मोजले. एकतीस! बरोबर एकतीस. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. साहेबांनी एकतीस सह्या केल्या. जावकबाईंनी जाड पाकिटाला डिंक लावला, तळहाताने दाबला, शिक्का मारला आणि दुपारी तीनच्या टपालाने पाकीट गेलं.

त्या संध्याकाळी आमच्या घरी टाळ्या वाजत होत्या.

"या, या!" हेडसर म्हणाले. "मानलं तुम्हाला! किती नेमकं लिहिलंत!"

आईने चष्म्याच्या घरातून घडी घातलेला कागद काढला आणि मोठ्याने वाचला. "क्रमांक चौदा. टपाल वेळेवर पाठवते. कुणाचं पत्र उघडत नाही. तक्रार नाही. अरे, कालच गठ्ठ्यात दिसला, म्हटलं नीट वाचावा, म्हणून काढून ठेवला. मत बदललंस तर सांगायचं नाही का?"

"पत्र उघडत नाही म्हणजे सुटली!" काकू म्हणाल्या. "तुम्हाला कुणी आतलं सांगितलं का हो?"

मी खाली बसलो. खुर्ची होती, हे नशीब.

•

दुसऱ्या दिवशी सव्वानऊ वाजता मी जावकबाईंच्या टेबलापाशी होतो.

"बाई, कालचं ते जाड पाकीट..."

"गेलं."

"पोस्टात असेल ना अजून? एक चिठ्ठी दिली तर परत..."

"जावक झालेलं पत्र परत मागवता येत नाही, भाऊसाहेब. तुमचंच परिपत्रक आहे." बाईंनी मान वर न करता ड्रॉवरमधून ते काढून दाखवलं. खाली माझी सही होती. इतकी वळणदार की मला स्वतःचाच राग आला.

घरी सल्ले तयार होते. हेडसर म्हणाले, शुद्धिपत्रक पाठवा. काकू म्हणाल्या, जाऊन पाया पडा. कुणाच्या, ते त्यांना सांगता येईना. बायको म्हणाली, "खरं सांगून टाका." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मी शुद्धिपत्रक पाठवलं. "आधीचा अहवाल नजरचुकीने गेला असून सोबतचा ग्राह्य धरावा." सोबत बाईंचा खरा अहवाल. तीन वाक्यं. घडीचे दोन ठसे.

दहा दिवसांनी उत्तर आलं. मी ते पाठ केलं आहे. करायचं म्हणून नाही, झालं.

"क्रमांक चौदा यांच्याबाबत एकाच महिन्यात दोन परस्परविरोधी अहवाल प्राप्त झाले. पहिला अहवाल सविस्तर असून लिहिणाऱ्याने कर्मचाऱ्याचं बारकाईने निरीक्षण केल्याचं दिसतं. दुसरा त्रोटक असून मागील अकरा वर्षांच्या अहवालांची नक्कल आहे. सबब पहिला ग्राह्य धरण्यात येत आहे. टपाल कपाटाच्या चाव्या तात्काळ काढून घ्याव्यात. क्रमांक चौदा यांनी पतीच्या देहाबाबत आठ दिवसांत लेखी खुलासा करावा. तोवर बढतीचा विचार स्थगित."

हे पत्र बाईंच्या नावे आलं होतं. कुणाचं पत्र न उघडणाऱ्या बाईंनी स्वतःचं उघडलं आणि भर कार्यालयात वाचलं. हळूहळू, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. नेमके त्या वेळी त्यांचे मिस्टर दारात उभे होते. बाई चष्मा घरी विसरल्या होत्या, तो द्यायला आले होते.

"अहो," बाई त्यांना म्हणाल्या, "तुमचा देह मिळत नाहीये म्हणे."

"कुणाला?"

"मुख्य कार्यालयाला."

मिस्टर घड्याळं दुरुस्त करतात. कुठल्याही बिघाडाकडे ते एक डोळा मिटून बघतात. तसं त्यांनी त्या पत्राकडे बघितलं. "मी इथे आहे की."

साहेब केबिनमधून आले, पत्र वाचलं, मिस्टरांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही आहात, हे मला दिसतंय. पण मुख्य कार्यालयाला कसं दिसणार? काहीतरी कागद लागेल."

त्या दुपारी बाईंनी चाव्यांचा जुडगा साहेबांच्या टेबलावर ठेवला. आवाज झाला नाही. तो झाला असता तर बरं झालं असतं.

•

कागदाची हकीगत थोडक्यात.

मिस्टर हयातीचा दाखला मागायला गेले. मीही बरोबर गेलो, अपराधी मनाने.

"तुम्हाला पेन्शन आहे?" खिडकीतल्या बाई.

"नाही. मी घड्याळं दुरुस्त करतो."

"मग तुम्हाला हयातीचा दाखला कशाला?"

"मी जिवंत आहे हे दाखवायला."

"कुणी नाही म्हटलंय का?"

"हो. लेखी."

"मग आधी ते लेखी ज्यांनी दिलं त्यांच्याकडून, तुम्ही मृत असल्याचा दाखला आणा. तो रद्द करून हा देता येईल."

मिस्टर शांतपणे माझ्याकडे वळले. "साहेब, मेलोय का मी? तेवढं सांगा. घरी बायकोला विचारता येत नाही, ती सध्या चिडलेली आहे."

त्या रांगेत मला पहिल्यांदा नीट लाज वाटली. त्याआधी वाटत होती ती भीती होती. दोन्हींत फरक असतो, पण तो रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

घरी आलो तर आई म्हणाली, "एवढं काय त्यात? नवरा परत आला म्हणून कळव. बोटीतले येतातच." दुसऱ्या दिवशी साहेबांनीही अगदी हेच सुचवलं. "देह मिळाला, असं लिहू या. जिवंत मिळाला." साहेब साडेसातची मालिका बघतात, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या रात्री जेवताना बायको एवढंच म्हणाली, "बाईंची तीन वर्षं राहिलीत. तुमची किती?"

"नऊ."

"मग तुम्हाला वेळ आहे की शिक्षा भोगायला."

•

मी सांगितलं. बाईंना, मधल्या सुट्टीत, जिन्याखालच्या रेकॉर्डच्या खोलीत. सगळं सांगितलं. मालिका, सातवा रकाना, लाल पेन्सिल, कोबी. कोबीचं सांगायची गरज नव्हती, पण खरं बोलायची सवय नसली की माणूस कुठे थांबायचं ते विसरतो. शेवटी पहिल्या अहवालाची कार्यालयीन प्रत त्यांच्या हातात दिली.

बाई चिडतील अशी माझी तयारी होती. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. पहिल्या चार वाक्यांवर थांबल्या. परत वाचली.

"हसणं कमी झालंय. विचारलं तर विषय बदलते. आतून काहीतरी चाललंय, पण कुणाला सांगत नाही." त्यांनी वर बघितलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाई, हे तुमच्याबद्दल नाहीये."

"नाही?"

"थोरल्या सुनेबद्दल आहे. मालिकेतल्या."

"हं." बाईंनी कागदाची घडी घातली. त्यांना घडी घालायची सवय आहे, त्यामुळे कडेला कड जुळली. "मला वाटलं, बावीस वर्षांत एकदा तरी कुणाचं लक्ष गेलं. म्हटलं, चाव्या गेल्या तर गेल्या, पण माणसाने बघितलं तरी."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"राहू द्या. तिचा चांगला लिहिलाय हो," बाई म्हणाल्या. "तिला बढती मिळायला हरकत नाही."

हा टोमणा होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हेडसरांना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही. शिक्षकाचं हे असं असतं.

मग मी मुख्य कार्यालयाला खरं लिहिलं. दोन पानं. साहेबांनी ते मात्र वाचलं, शब्द न शब्द, आणि सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं. आठवड्याने दोन उत्तरं आली. एक माझ्यासाठी: "शासकीय नमुन्यांचा घरगुती मनोरंजनासाठी वापर केल्याबद्दल सक्त ताकीद." मनोरंजन हा शब्द मला लागला. चार रविवार आम्ही किती गांभीर्याने बसलो होतो! दुसरं बाईंबद्दल: "क्रमांक चौदा यांचा अहवाल, लिहिणाऱ्याने एक पूर्ण दिवस प्रत्यक्ष निरीक्षण करून, नव्याने व सविस्तर पाठवावा. त्यानंतरच बढतीचा विचार होईल." म्हणजे बाईंचं सगळं आता माझ्या दोन डोळ्यांवर आलं. अकरा वर्षांत ज्या डोळ्यांनी तीन वाक्यं बघितली, त्या.

•

निरीक्षण. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. मी स्टुलावर, मांडीवर कोरा नमुना.

"जाहिराती केव्हा लागणार, भाऊसाहेब?" बाईंनी विचारलं.

९:४०. बाई पाकीट तळहातावर तोलतात आणि वजन सांगतात. मग काट्यावर ठेवतात. नऊपैकी नऊ बरोबर. काट्यावर ठेवता कशाला? "काट्याला वाईट वाटू नये म्हणून."

१०:३०. पत्ता चुकलेली पत्रं वेगळी काढतात आणि नोंदवही न उघडता दुरुस्त करतात. दिवसभरात अकरा. त्यातली तीन माझी. माझ्या देखत त्यांनी मला ती दाखवली नाहीत. मी वाकून बघितली.

१२:००. डिंकाच्या बाटलीशी बोलतात. "तू आज फार दाट झालीस." हे अहवालात लिहावं की नाही, यावर मी दहा मिनिटं घालवली.

१:४५. साहेबांच्या पत्रांचे तीन मसुदे शुद्ध करून पाठवतात. साहेबांना हे माहीत नाही. अर्थात, ते वाचत नाहीत.

३:१०. हसल्या. दोन्ही बाजूंनी. मिस्टरांचा निरोप आला होता: "मी जिवंत आहे. कळवावं."

३:३०. सातवा रकाना. मागील वर्षाच्या तुलनेत वर्तणुकीत झालेला बदल. पेन उचललं आणि ठेवलं. मागल्या वर्षी बाई कशा होत्या, हेच मला माहीत नव्हतं. थोरल्या सुनेचा एकशे चारावा भाग मला पाठ होता. शेवटी मी थेट विचारलं, "बाई, सहा महिन्यांत काय झालं?"

त्यांनी विषय बदलला. मग मी तिथेच बसून राहिलो म्हणून असेल, परत स्वतःच आणला. "डाव्या डोळ्याने कमी दिसायला लागलंय. सांगितलं असतं तर टपाल काढून घेतलं असतं, यादीतून नावही गेलं असतं. लिहू नका."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की सकाळपासून बाई प्रत्येक पाकीट तिरकं धरून पॅसेजच्या उजेडात वाचत होत्या. त्यांचं टेबल भिंतीकडे तोंड करून होतं. भिंत करड्या रंगाची, वर दिवा नाही. मी त्यांच्या जागी बसून बघितलं. माझ्या दोन्ही चांगल्या डोळ्यांना पिनकोड दिसेना.

त्या संध्याकाळी मालिका चुकली. घरात शिरलो तर सगळे वाट बघत होते. "आज काय झालं माहितीये का?" बायको म्हणाली. मी म्हणालो, "थांब, आधी माझ्याकडचं ऐक." आणि बाईंचा दिवस सांगितला, वजनापासून डोळ्यापर्यंत. काकूंनी सुई खाली ठेवली. हेडसर म्हणाले, "पण मग आता तुम्ही डोळ्याचं लिहिणार की नाही?" आणि पाऊण तास त्यावर वाद झाला. लिहावं, लिहू नये, अर्धं लिहावं. आई म्हणाली, "मी पहिल्यापासून सांगतेय, बाई चांगली आहे." आईने बाईंना कधी पाहिलेलं नाही.

बायको म्हणाली, "डोळ्याचं नका लिहू. दिव्याचं लिहा."

या वेळी मी लक्ष दिलं. अहवाल चार पानांचा झाला. सातव्या रकान्यात मी लिहिलं: "बदल नोंदवण्यास मागील नोंद उपलब्ध नाही. दोष लिहिणाऱ्याचा." आणि शेऱ्यात: "कर्मचाऱ्याची जागा अंधारी आहे. तिथे बसून अकरा चुका दुरुस्त होतात, तर उजेडात किती होतील याचा विचार व्हावा." साहेबांनी वाचून सही केली. पाकीट बाईंनीच बंद केलं. तळहातावर तोललं.

"जड आहे," त्या म्हणाल्या.

पाच आठवड्यांनी बाई हेडक्लार्क झाल्या. आता त्यांचं टेबल खिडकीशी आहे, चाव्या कमरेला आहेत, आणि आस्थापना शाखेचे अहवाल त्या लिहितात. म्हणजे माझाही. मागच्या आठवड्यात त्या स्टूल घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या, मांडीवर कोरा नमुना. मी दिवसभर पोट आत ओढून काम केलं. चारच्या सुमाराला त्यांनी काहीतरी बराच वेळ लिहिलं. काय लिहिलं, ते गोपनीय आहे.

बावीस वर्षांपूर्वी बाई पहिल्यांदा कामावर आल्या त्या सोमवारी, त्यांचं टेबल कुठे लावायचं असं शिपायाने मला विचारलं होतं, आणि मी भिंतीकडे बोट दाखवलं होतं.